पुढचा धडा मिळण्याचा हक्क

महाराष्ट्रात हुशार मुलांच्या कौतुकाला तोटा नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की गावात फलक लागतात, ग्रामपंचायत शाल-श्रीफळ देते, गुणवत्ता यादीत आलेल्या मुलाचा त्याच्या गुरुजींसह फोटो जिल्हा आवृत्तीत छापून येतो. ही परीक्षा चौथी-सातवीला असावी की पाचवी-आठवीला, यावर शासनाचे निर्णय होतात आणि फिरतातही. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेसाठी सहावी आणि नववीची मुलं महिनोन्महिने तयारी करतात. नवोदयच्या प्रवेशासाठी तालुक्याच्या गावी क्लास चालतात. हुशारी शोधण्याची आणि तिचा सत्कार करण्याची आपली परंपरा जुनी आणि पक्की आहे. पण सत्काराच्या दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात बसून काय शिकतं, हे फारसं कुणी विचारत नाही. बहुतेक शाळांत ते तोच धडा शिकत असतं, जो त्याला वर्षभरापूर्वीच येत होता.

अशा मुलाचे आईवडील शाळेत जातात तेव्हा त्यांची अडचण सुरू होते. नेमकं काय मागायचं हे त्यांना ठाऊक नसतं. ‘आमचा मुलगा फार हुशार आहे, त्याच्याकडे जरा जास्त लक्ष द्या,’ एवढंच ते म्हणतात. शिक्षकांच्या मनात येतं की असं तर प्रत्येकच पालक म्हणतो, आणि विषय तिथंच संपतो. मला वाटतं, अशा मुलासाठी शाळेकडे मागायची गोष्ट एकच आहे आणि ती साधी आहे : त्याला पुढचा धडा मिळावा. मूल जिथं उभं आहे तिथून शिकवायला सुरुवात करायची, हे तत्त्व आपण मागं राहिलेल्या मुलांच्या बाबतीत कधीच स्वीकारलं आहे. तेच तत्त्व पुढं गेलेल्या मुलाला लावण्यासाठी नवी योजना लागत नाही, वेगळा निधी लागत नाही, आणि मुलाच्या कपाळावर ‘प्रज्ञावान’ असा शिक्काही मारावा लागत नाही.

आजवर झालेले प्रयत्न बहुतांशी वेगळ्या दिशेनं गेले. कोठारी आयोगानं (१९६४–६६) आपल्या अहवालात प्रज्ञाशोधाचा स्वतंत्र विचार केला होता. त्याच सुमारास, १९६३ मध्ये, दिल्लीपुरती विज्ञान प्रज्ञाशोध परीक्षा सुरू झाली आणि पुढल्या वर्षी ती देशभर गेली. तिचंच पुढं राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेत रूपांतर झालं. २०२१ नंतर ही परीक्षा स्थगित आहे. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ पासून तिची प्रशाला चालू आहे. राज्य शासनानं विद्यानिकेतनं काढली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालयांचा विस्तार झाला. त्याआधी प्रयोग म्हणून सुरू केलेल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावतीचं. नवोदयांतल्या किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, आणि या व्यवस्थेनं खेड्यातल्या कितीतरी घरांचं भविष्य बदललं, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. ‘ध्रुव’ नावाचा केंद्रीय कार्यक्रम ऑक्टोबर २०१९ मध्ये इस्रोत सुरू झाला तो साठ विद्यार्थी घेऊन. या सगळ्या प्रयत्नांचा साचा एकच दिसतो. थोडी मुलं निवडायची आणि त्यांना दुसरीकडे न्यायचं, किंवा बक्षीस देऊन होतं तिथंच ठेवायचं. नवोदयच्या यादीत ज्याचं नाव दोन गुणांनी हुकलं, तो मुलगा सोमवारी आपल्याच शाळेत परत येतो. त्याच्यासाठी या प्रयत्नांत काहीच नसतं. अशी मुलं निवडलेल्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी काही परिच्छेद दिले आहेत. शिक्षकांनी अशा मुलांना पूरक साहित्य द्यावं, विषयवार मंडळं असावीत, बी. एड. मध्ये या मुलांच्या शिक्षणाची विशेष शाखा असावी, असं ते सांगतं. दिशा बरोबर आहे. पण धोरणातल्या वाक्यावर बोट ठेवून कुणी पालक मुख्याध्यापकांकडे जाऊ शकत नाही. कायद्यातल्या वाक्यावर मात्र जाऊ शकतो, आणि ते वाक्य २००९ पासून आपल्या हाती आहे. शिक्षण हक्क कायद्याचं चोविसावं कलम शिक्षकाची कर्तव्यं सांगतं. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पारखून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करणं हे त्यातलं एक. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं हे दुसरं. एकोणतिसावं कलम म्हणतं की अभ्यासक्रमानं मुलाच्या सुप्त गुणांचा आणि प्रतिभेचा विकास साधावा, त्याच्या शारीरिक-मानसिक क्षमता पूर्णत्वानं फुलाव्यात. ‘प्रत्येक मूल’ या शब्दांत मागं पडलेलं मूल येतं, तसं पुढं गेलेलंही येतं. हा कायदा आपण प्रवेशाचा, पंचवीस टक्क्यांचा आणि नापास न करण्याचा कायदा म्हणून वाचला. शिकण्याच्या पातळीबद्दल तो काय म्हणतो, ते वाचायचं राहून गेलं.

आता पुरावा. शंभर वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेणारा सायिंग स्टीनबर्गन-हू आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष आपल्याकडच्या मुख्याध्यापकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. गुणांप्रमाणे पूर्ण वर्ग वेगळे करण्याचा, म्हणजे आपल्या भाषेत ‘अ तुकडी’त हुशार आणि ‘ड तुकडी’त ढ अशी वाटणी करण्याचा, शिकण्यावर जवळपास काहीच फायदा दिसत नाही. एकाच वर्गात पातळीप्रमाणे छोटे गट केले, किंवा एखाद्या विषयापुरती वेगवेगळ्या इयत्तांतली मुलं एकत्र बसवली, तर मात्र फायदा दिसतो. पुढच्या इयत्तेचा अभ्यास लवकर देण्याचाही फायदा दिसतो, आणि तो भरघोस आहे. तुकड्या पाडण्याची जुनी सवय आपल्या कित्येक शाळांत आजही आहे. तिनं ड तुकडीच्या मुलांचं नुकसान होतं हे आपण जाणतो. अ तुकडीचंही फारसं भलं होत नाही, कारण तिथंही पुस्तक तेच आणि वेगही तोच असतो.

‘पुढचा धडा’ प्रत्यक्षात कसा दिसतो, ते एका वर्गातल्या उदाहरणानं पाहू. चौथीच्या वर्गात चार अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी सुरू होणार आहे. पाठ सुरू करण्याआधीच शिक्षक त्या प्रकरणाच्या शेवटच्या सरावसंचातली दहा गणितं सगळ्या मुलांना घालतात. ज्यांना आठ-नऊ बरोबर आली, त्यांना पुढचे सहा दिवस तीच वजाबाकी करायला लावण्यात अर्थ नाही. त्यांना देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या द. रा. कापरेकर गुरुजींचं काम द्यावं. सगळे अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा आणि वजा करा : ५४३२ वजा २३४५, बाकी ३०८७. पुन्हा तसंच करा : ८७३० वजा ०३७८, बाकी ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. आता पुढं कितीही वेळा केलं तरी ६१७४ च येतं. कापरेकरांनी ही संख्या १९४९ मध्ये मांडली. मग मुलाला विचारायचं : दुसऱ्या संख्येनं सुरुवात केली तर काय होतं? जास्तीत जास्त किती पायऱ्या लागतात? तीन अंकी संख्यांना अशी एखादी शेवटची संख्या आहे का? मूल वजाबाकीच करतं, पाठात होती त्यापेक्षा जास्तच करतं, आणि त्याच्यासमोर प्रथमच असा प्रश्न येतो की ज्याचं उत्तर त्याला आधीपासून ठाऊक नाही. याला लागलं काय? एक पूर्वचाचणी, एक कागद, आणि मूल मागच्या बाकावर आपापलं काम करत बसेल एवढी मोकळीक.

अमेरिकेत सॅली राइस आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये याच पद्धतीचा मोठा प्रयोग केला. वर्गातल्या वरच्या पातळीच्या मुलांसाठी, त्यांना आधीच येत असलेला एखाद-दोन विषयांतला चाळीस ते पन्नास टक्के भाग शिक्षकांनी वगळला. वर्षाअखेरीस या मुलांचे गुण घसरले नाहीत. याचा अर्थ, त्या विषयांत त्या मुलांचा निम्म्याच्या आसपासचा वेळ आधीच येत असलेल्या गोष्टीत जात होता.

या मागणीवर पहिला आणि वजनदार आक्षेप असा की आपल्या शाळांपुढचं संकट वेगळं आहे. २०२२ च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्केच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा मजकूरही वाचता येत नसताना पुढं गेलेल्या दोघांची चिंता कशाला? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला टाळून पुढं जाता येणार नाही. पण या संकटावर ज्या उपायाचा परिणाम प्रयोगांतून दिसून आला, तो आठवावा. ‘प्रथम’ संस्थेनं रुजवलेली आणि पुढं अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्या अभ्यासांतून पारखली गेलेली पद्धत म्हणजे दिवसातला काही वेळ इयत्ता बाजूला ठेवून मुलांना पातळीप्रमाणे बसवणं आणि तिथून शिकवणं. अक्षर ओळखणाऱ्यांचा एक गट, शब्द वाचणाऱ्यांचा दुसरा, परिच्छेद वाचणाऱ्यांचा तिसरा. या रांगेच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक गट आहे : गोष्ट वाचून संपवलेल्यांचा. त्या तासात त्यांच्या हातात काय द्यायचं, एवढाच प्रश्न उरतो. मागं राहिलेल्या मुलासाठी इयत्तेची भिंत पाडणाऱ्या शिक्षकाला ती दुसऱ्या बाजूनंही पाडता येते. दोन्ही मुलांची गैरसोय एकाच गोष्टीनं होते : वर्ग सरासरी मुलाच्या वेगानं चालतो आणि त्या वेगात दोघंही बसत नाहीत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभं करण्याचं कारण नाही.

याच संदर्भात आपल्या दोनशिक्षकी शाळांकडे वेगळ्या नजरेनं पाहावं असं वाटतं. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत, ही व्यवस्था आपण कमतरता म्हणूनच मोजतो, आणि शिक्षकांवरच्या ताणाच्या दृष्टीनं ती कमतरता आहेच. पण तिसरीतल्या मुलीला चौथीचं गणित ऐकू येतं, ती हळूच फळ्याकडे पाहून सोडवूही लागते, हे फक्त अशाच शाळेत घडतं. साताऱ्याच्या कुमठे बीटसारख्या ठिकाणी ज्ञानरचनावादी वर्गांनी दाखवून दिलं की मुलं आपापल्या वेगानं साहित्य हाताळत पुढं जाऊ शकतात. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा भर प्रत्येक मूल प्रगत होण्यावर होता. प्रगत झालेल्या मुलाचं पुढं काय, हा प्रश्न मात्र तिथंही अपुरा राहिला.

‘हुशार पोरं आपली आपण शिकतात’ हा दुसरा आक्षेप इतका सर्वमान्य आहे की त्याला आक्षेप म्हणणंही लोकांना पटणार नाही. काही मुलं शिकतात, हे खरं. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत, इंटरनेट आहे, शनिवारी भास्कराचार्य प्रतिष्ठानच्या वर्गाला किंवा ऑलिंपियाडच्या शिबिराला सोडायला कुणी आहे, ती शिकतात. बाकीची मुलं वेगळंच काही शिकतात : न वाचता पहिलं येता येतं, प्रयत्न करणं हे ढ मुलांचं काम आहे. ही सवय सातवी-आठवीपर्यंत लपून राहते. मग अकरावीच्या विज्ञान शाखेत किंवा एखाद्या मोठ्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीत पहिल्यांदा अवघड गणित समोर येतं, आणि अडखळणं म्हणजे काय हे माहीतच नसलेलं ते मूल कोसळतं. अवघड गोष्टीशी झटण्याची सवय लहानपणीच लावायची असते. ती लावणं शाळेचं काम आहे.

वरच्या वर्गात बसवलं तर मूल एकटं पडेल, मोठी मुलं चिडवतील, ही भीती शिक्षक आणि आज्या दोघांनाही वाटते. तिच्यात तथ्य नाही असं नाही. हुशारांच्या गटात गेल्यावर मुलाला स्वतःबद्दल वाटणारा विश्वास काहीसा कमी होतो, हे हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून दाखवलं आहे. पण लवकर पुढं गेलेल्या मुलांचं भावनिक किंवा सामाजिक नुकसान होतं, असं एकूण संशोधनातून दिसत नाही. ऑस्ट्रेलियात मिराका ग्रॉस यांनी साठ अतितीव्र बुद्धीच्या मुलांचा दोन दशकं पाठपुरावा केला. मैत्रीच्या आणि समाधानाच्या अडचणी वयाच्याच वर्गात अडकून राहिलेल्यांना अधिक आल्या. ती मुलं फार विरळ पातळीची होती, त्यामुळे हा निष्कर्ष सरसकट लावू नये. आपल्यासाठी मधला मार्ग पुरेसा आहे : पटावरची इयत्ता तीच, सोबती तेच, फक्त गणिताच्या तासाला वरच्या वर्गात. त्यासाठी ना वयाची अट आड येते, ना दाखल्यावर काही बदलावं लागतं.

सगळ्यात गंभीर आक्षेप न्यायाचा आहे. आपल्या समाजात ‘गुणवत्ता’ या नावाखाली कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे फार काळ जातीनं ठरवलं. बुद्धी मोजण्याचं शास्त्रही याबाबतीत निर्दोष नाही. लुइस टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार मुलं बुद्ध्यंकानं निवडली. त्यांच्या चाचणीनं ज्यांना नाकारलं, त्यांतल्या विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ या दोघांना पुढं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. शिक्षकांची नजरही पुरी पडत नाही. पेग्नाटो आणि बर्च यांच्या १९५९ च्या अभ्यासात शिक्षकांना अशी मुलं निम्मीसुद्धा ओळखता आली नव्हती. पालकांनी बोलावं म्हटलं, तर ज्यांना बोलता येतं त्यांचीच मुलं पुढं येणार. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड जिल्ह्यात २००५ मध्ये शिक्षक-पालकांच्या शिफारशींवर विसंबणं सोडून दुसरीच्या सगळ्याच मुलांची शब्दविरहित चाचणी घेतली गेली. पात्रतेची पट्टी तीच होती, तरी गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांतली कितीतरी जास्त मुलं निवडली गेली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी हे नोंदवलं आहे. मंदीत तो कार्यक्रम आखडल्यावर ही वाढ ओसरली, हेही त्यांनीच दाखवलं. मुलं तीच होती, फक्त त्यांच्याकडे पाहिलं जात नव्हतं.

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मागणी कशी करायची हे बदलायला हवं, असं मी म्हणते. घरी कोरकू, भिली किंवा गोंडी बोलणारं मूल पहिलीत मराठीत अडखळतं आणि शिक्षकाला ते मठ्ठ वाटतं. मेन्सा इंडियाच्या पुणे शाखेनं डॉ. नारायण देसाई यांच्या पुढाकारानं आदिवासी मुलांमध्ये शब्दविरहित चाचण्यांनी जे काम केलं, त्यातून आश्रमशाळांतली अशी मुलं समोर आली. ज्ञान प्रबोधिनीत डॉ. उषा खिरे यांनी गिलफर्डच्या प्रतिमानावर केलेलं दीर्घ काम हेच सांगतं की बुद्धी हा एक आकडा नसून अनेक क्षमतांचा समूह आहे, आणि एका परीक्षेत त्या सगळ्या दिसत नाहीत. तोंडी बीजगणित सोडवणारं पण लिहिताना अक्षरं उलटी काढणारं मूलही याच गर्दीत हरवतं. त्याला सवलत मिळते ती अध्ययन अक्षमतेपोटी. त्याच्या ताकदीची दखल कुणी घेत नाही. मुलींच्या बाबतीत तर शांतपणे काम संपवून बसण्याला शिस्त समजलं जातं.

तेव्हा पालकांनी शाळेत जाताना ‘हुशार’ हा शब्द घरी ठेवून जावं आणि वही घेऊन जावं. मुलानं आपणहून सोडवलेली वरच्या इयत्तेची गणितं, वाचलेल्या पुस्तकांची यादी, लिहिलेली गोष्ट हे सोबत असावं. शिक्षकांच्या वर्णनात्मक नोंदींची वही मागून पाहावी. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात त्या लिहाव्याच लागतात, आणि ‘गणित लवकर सोडवतो’, ‘इतरांना समजावतो’ अशा नोंदी तिथं बहुधा सापडतात. मग मागणी नेमकी करावी : पुढच्या प्रकरणाआधी पूर्वचाचणी घ्या, जे येतं त्यातून मोकळं करा, त्या वेळात काय करायचं ते आपण मिळून ठरवू, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा पाहू. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहितीनं शिक्षक पिचलेला असतो. त्याच्यापुढं तक्रार घेऊन गेलं तर तो दार लावेल, तयार काम घेऊन गेलं तर बहुधा ऐकेल. वर्गशिक्षकांनंतर मुख्याध्यापक, त्यांच्यानंतर केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी, हा क्रम सोडू नये. दर पायरीवर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अगदीच कुणी दाद दिली नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. हा मार्ग शेवटचा समजावा. ज्या शिक्षकाशी भांडण झालं, त्याच्याच वर्गात मूल रोज पाच तास बसणार असतं.

आणि मागणी एकट्या आपल्या मुलासाठी करू नये. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणं हे त्या समितीचं कायदेशीर काम आहे. बहुतेक आराखड्यांत संरक्षक भिंत, स्वच्छतागृह आणि संगणक असतात, आणि ते असायलाच हवेत. येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर समितीच्या पहिल्याच सभेत ज्या पालकाला हे पटलं असेल, त्यानं आराखड्यात आणखी एक ओळ लिहून घ्यावी : दर प्रकरणाआधी सगळ्या मुलांची पूर्वचाचणी होईल, आणि ज्याला जे येत नाही किंवा ज्याला जे आधीच येतं, त्याप्रमाणे त्याला काम दिलं जाईल. हा ठराव आपल्या मुलाचं नाव न घेता मांडावा, आणि मंजूर करून घ्यावा.